त्याने काय म्हटलं, ते आधी लिहून ठेवा

पत्र थोडक्यात असं आहे: “मी एका मनोरुग्णालयात अकरा वर्षं परिचारिका आहे. दीड महिन्यापूर्वी पंचविशीतला एक मुलगा आमच्या वॉर्डात आला. स्वतःहून आला नव्हता. घरी भावाच्या अंगावर धावून गेला म्हणून भावानेच सही करून त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल केलं होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या गोळ्यांच्या राउंडला त्याने लोखंडी स्टूल उचलून माझ्यावर घातलं. मनगट मोडलं. दुसऱ्यांदा उगारलं तेव्हा मी त्याला ढकललं, तर त्याचं डोकं कॉटला लागलं, दोन टाके पडले. त्यावर मला मेमो मिळाला: ‘रुग्णास इजा कशी झाली, खुलासा करावा.’ आमच्या मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, म्हणतात, पेशंट आहे, सक्तीने आणलेला आहे, त्याच्यावर पोलिसात तक्रार होऊच शकत नाही. माझी मैत्रीण म्हणते, त्याला सगळं कळत होतं, वॉर्डबॉय मामा बाहेर गेल्यावरच त्याने हात उचलला. भाऊ येऊन पाया पडून गेला. प्लास्टर निघालंय, पण वॉर्डाचं दार उघडताना हात थरथरतो. तक्रार केली तर आजारी माणसाला तुरुंगात पाठवल्याचं पाप, नाही केली तर माझ्या हाताची काही किंमतच नाही. मी काय करू?”

सिस्टर,

तुम्ही मेमोचा उल्लेख एका ओळीत केलात, पण माझ्या मते तुमची झोप त्या ओळीने उडवलेली आहे. म्हणून तिथून सुरुवात करते.

भारतीय न्याय संहितेत कलम ३६ आहे. जुन्या दंड संहितेत ते ९८ होतं. त्याचा मथितार्थ असा की, हल्ला करणारी व्यक्ती मनोविकल (कायद्याच्या इंग्रजीत ‘अनसाउंड माइंड’) असल्यामुळे तिचं कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नसेल, तरीही त्या कृत्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. समोरचा शुद्धीवर असता तर जेवढा हक्क असता, तेवढाच. मर्यादा एकच, बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, राग काढायचा नाही. स्टूल दुसऱ्यांदा उगारलेलं असताना एका मोडलेल्या हाताने दिलेला धक्का त्या मर्यादेत बसतो असं मला वाटतं. मेमोचं उत्तर द्या, आणि लेखी द्या. क्षमा मागणारं नको. किती वाजता, कोण कुठे उभं होतं, पहिला फटका कुठे बसला, दुसरा कसा उगारला गेला, हे क्रमाने लिहा आणि शेवटी या कलमाचा उल्लेख करा. ‘माझ्याकडून चूक झाली’ असं शिष्टाचार म्हणूनसुद्धा लिहू नका. आपल्याकडे बायकांच्या लेखणीतून ते वाक्य फार सहज उतरतं.

आता मूळ प्रश्न. मेट्रन आणि तुमची मैत्रीण एकमेकींच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं, पण दोघींची चूक एकच आहे. मेट्रन दाखल करतानाच्या कागदाकडे बघून निकाल देतात, तुमची मैत्रीण मामा बाहेर गेले होते एवढ्यावरून. त्या क्षणी त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे दोघींपैकी कोणीच विचारलेलं नाही. फौजदारी कायदा मात्र नेमकं तेवढंच विचारतो.

दाखल करतानाचा कागद काय सांगतो ते आधी बघू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या मर्जीशिवाय त्याला दाखल करायचं असेल तर ते कलम ८९ खाली करावं लागतं, आणि तेही एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि ही तपासणी त्याच दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. आजार गंभीर आहे, त्याला स्वतःच्या उपचाराचे निर्णय जवळपास पूर्ण आधाराशिवाय घेता येत नाहीत, आणि नजीकच्या काळात तो स्वतःला इजा करायला निघाला होता, किंवा दुसऱ्यावर हिंसक झाला होता, किंवा स्वतःची देखभालच करू शकत नव्हता, असं त्यांना दिसावं लागतं. म्हणजे हा कागद उपचाराबद्दलचा आहे, पुढच्या धोक्याबद्दलचा आहे. सहा दिवसांनंतर संध्याकाळी उचललेल्या स्टुलाबद्दल तो काहीही सांगू शकत नाही. सांगणार कसा, तो आधीच लिहिला गेलाय. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की, एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरूनच तो मनोविकल आहे असं धरायचं नाही, सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय. हे कलम रुग्णांच्या प्रतिष्ठेसाठी आहे. आजारी माणसाला सरसकट बेजबाबदार समजू नका, असं ते सांगतं. ‘पेशंटवर तक्रार होऊच शकत नाही’ हे मेट्रनचं वाक्य वरवर दयेचं वाटतं, पण त्यात त्या मुलाला माणूस म्हणून मोजणंच नाकारलेलं आहे.

दुसरीकडे फौजदारी कायद्याचा प्रश्न बघा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम २२ म्हणजे जुनं दंड संहितेचं कलम ८४ जवळपास जसंच्या तसं. कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्या माणसाला आपण काय करतोय हेच कळत नसेल, किंवा हे चूक आहे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नसेल, तर ते कृत्य गुन्हा नाही. यातला ‘करताना’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आदल्या आठवड्यात कसा होता, पुढच्या महिन्यात कसा झाला, हा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण मोजायचा असतो तो क्षण. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यापासून हेच धरलंय. पुढच्या निकालांत हेही पुन्हा पुन्हा आलंय की, डॉक्टरांच्या दृष्टीने आजारी असणं वेगळं आणि कायद्याच्या दृष्टीने जबाबदारीबाहेर असणं वेगळं. हा बचाव मांडायचा भार आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाला लागतो तितका कडक पुरावा त्याच्याकडून मागितला जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी वॉर्डात काम करणाऱ्यांना नेहमी खटकते. आपला कायदा समज विचारतो, ताबा विचारत नाही. ‘चूक आहे हे कळत होतं, पण हात आवरला नाही’ असं म्हणणारा पेशंट आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्यासाठी कलम २२ मध्ये जागा नाही. फार तर शिक्षा ठरवताना न्यायालय त्याचा विचार करतं. मला स्वतःला ही रेघ अपुरी वाटते. पण तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो आज जो कायदा आहे त्याच्या आधारावर.

आता मैत्रिणीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो जास्त पटणारा आहे आणि म्हणून जास्त फसवणारा. मामा बाहेर जाईपर्यंत तो थांबला. म्हणजे त्याला कळत होतं. खरंय का?

हे कलम २२ ज्या खटल्याच्या छायेत जन्मलं तो आठवते. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव. मॅकनॉटनला त्यांनाच पील समजून मारायचं होतं, असं मानलं गेलं. गोळी घालण्याआधी कित्येक दिवस तो त्या भागात घुटमळत होता, पिस्तूल जवळ बाळगून होता. यापेक्षा जास्त ठरवून केलेलं काय असतं? पण सत्ताधारी पक्ष आपला छळ करतोय, आपल्या मागावर आहे, जीव घेणार आहे, अशा पक्क्या भ्रमात तो होता. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. त्यावर इतका गहजब झाला की हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून जे नियम झाले त्यांच्या धर्तीवर १८६० मध्ये आपलं कलम ८४ आलं. आणि ‘सुटला’ म्हणजे तो घरी गेला नाही. उरलेली २२ वर्षं त्याने वेड्यांच्या इस्पितळांतच काढली, आणि १८६५ मध्ये तिथेच मेला.

योजना भ्रमाच्या आतही असते. सिस्टर गोळीतून विष देतेय अशी ज्याची खात्री आहे, तोसुद्धा मामा बाहेर जायची वाट बघेल, कारण त्याच्या लेखी मामाही त्याच कटातला. त्याच्या जगात तो स्वतःचा जीव वाचवतोय. याउलट, स्किझोफ्रेनियाचं निदान असलेला एखादा पेशंट मोबाइल काढून घेतला म्हणून हात उचलतो. आजार आहे, पण त्या हातामागे आजार नाही, राग आहे. तुमच्या-माझ्यासारखाच राग. पहिल्याने विचार करून मारलं तरी तो कदाचित जबाबदार नसेल. दुसऱ्याने क्षणात मारलं तरी कदाचित असेल. म्हणून ‘थांबला का’ यापेक्षा ‘आपण काय करतोय असं त्याला वाटत होतं’ हे शोधावं लागतं.

तुमचा पेशंट यातला कुठला, हे मी सांगू शकत नाही. मेट्रनही सांगू शकत नाहीत आणि तुम्हीही नाही. मनावरचं अर्धं ओझं इथेच खाली ठेवता येईल असं मला वाटतं. तक्रार करणं म्हणजे त्याला गुन्हेगार ठरवणं, असं तुम्ही धरून चालला आहात. तक्रारीत तुम्ही फक्त घडलेलं सांगता. दोषी कोण, किती, हे ठरवणारी माणसं दुसरी आहेत, आणि त्यांच्यापुढे त्याच्या आजाराची बाजू मांडायला वकील असणार आहे.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा, उत्तर मला कळवू नका: तुम्हाला नेमकं काय हवंय? त्याला शिक्षा हवीय? ती व्यक्ती पुन्हा तुमच्या वॉर्डात नको, एवढंच हवंय? की ‘हे घडलं, आणि हे घडायला नको होतं’ असं कुणीतरी कागदावर मान्य करावं, असं हवंय? तुमचं पत्र मी चारदा वाचलं. शिक्षा हा शब्द त्यात एकदाही नाही. ‘माझ्या हाताची काही किंमतच नाही’ हे वाक्य मात्र आहे.

कायद्याची एक बारीक तरतूद मला या बाबतीत फार माणुसकीची वाटते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३३४ मध्ये होती, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मनोविकलतेमुळे एखाद्याला निर्दोष सोडताना न्यायालयाने निकालात स्पष्ट लिहावं लागतं की, ते कृत्य त्याने केलं होतं की नाही. म्हणजे तो सुटला तरी ‘सिस्टरचा हात याने मोडला’ ही गोष्ट पुसली जात नाही. आरोपीला दोष लागत नाही, आणि जिला लागलं तिचं लागणं खोटंही ठरत नाही. तुम्हाला ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी वाटताहेत, त्या तिथे एकाच कागदावर मावतात.

नोंदीबद्दल मी इतकं का बोलतेय ते सांगते. मी बरीच वर्षं एका मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तिथे एका पेशंटने मला भिंतीवर आपटलं होतं. खांद्याला मुका मार होता, बाकी काही नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आजारी आहे बिचारा, त्यात काय, असं स्वतःलाच समजावलं, आणि खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाही वाटला. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच पेशंटने, त्याच बोळात, सफाईच्या मावशींना आपटलं. त्यांचे समोरचे दात गेले. चौकशीत विचारलं गेलं, याआधी असं काही झालं होतं का? नोंदवही कोरी होती. ती माझ्यामुळे कोरी होती. त्या मावशींसमोर उभं राहणं मला आजही जमत नाही.

तेव्हा पोलिसात जायचं की नाही हे ठरायच्या आधीच काही गोष्टी व्हायला हव्यात. तुमचा हात मोडला त्या दिवशी अपघात विभागात एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण होऊ शकणाऱ्या इजेची वैद्यकीय नोंद, झाली का, ते बघा. झाली नसेल तर लेखी विचारा. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, प्लास्टरच्या तारखा, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा. वॉर्डाच्या नोंदवहीत त्या संध्याकाळची नोंद कशी लिहिली गेलीय ते वाचा. ‘रुग्ण अस्वस्थ होता, किरकोळ धक्काबुक्की’ असलं काही असेल तर खाडाखोड करू नका. वेगळं निवेदन तारीख टाकून द्या आणि पोचपावती घ्या. सरकारी नोकरीत असाल तर कर्तव्यावर झालेल्या इजेसाठी विशेष विकलांगता रजा असते, तिची चौकशी करा. दीड महिना तुमच्या स्वतःच्या अर्जित रजेतून गेला असेल तर तो तसा जायला नको होता.

पोलिसात गेलात तर काय होईल, तेही झाकून ठेवत नाही. हाड मोडणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे ठाण्यात ‘पेशंट आहे, घेता येत नाही’ असं सांगितलं तर ते बरोबर नाही. पुढे त्याची चौकशी होईल. स्वतःचा बचाव करण्याइतका तो भानावर नसेल तर खटला थांबतो आणि आधी उपचार होतात. ही तरतूद त्याच्या भल्यासाठी आहे, पण हीच तरतूद माणसांना गिळतेही. आसाममधले मचांग लालुंग. १९५१ मध्ये गंभीर दुखापत केल्याच्या आरोपावरून त्यांना पकडलं, पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. खटला चाललाच नाही. मधे ते बरे झाल्याचं डॉक्टरांनी कळवलं, तरी कुणी फाइल उघडली नाही. ते सुटले २००५ मध्ये. चोपन्न वर्षं. त्यांच्यावर जो आरोप होता तोच तुमच्या तक्रारीत असेल. आज कायदे बदलले आहेत आणि त्या मुलाला भाऊ आहे, लालुंगना विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तरीही तक्रार देताना हे माहीत असावं, म्हणून सांगितलं. तुम्ही तक्रार दिलीत तर जबाबातच एक वाक्य घाला: हा रुग्ण उपचाराखाली आहे, त्याचे उपचार खंडित होऊ नयेत. असं लिहिल्याने तक्रार लेचीपेची होत नाही.

माझं मत विचाराल तर, तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून मी घडलेल्या गोष्टीची माहिती पोलिसांना लेखी देईन आणि संस्थेकडे त्याहून मोठी तक्रार करेन. त्याचं कारण त्याच कागदात आहे, ज्याचा मेट्रन ढाल म्हणून वापर करताहेत.

तो मुलगा भावाच्या अंगावर धावून गेला म्हणून दाखल झाला. म्हणजे तो हिंसक होऊ शकतो हे संस्थेने सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलंय. त्याचं स्वातंत्र्य काढून घेताना तिने त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही शब्द दिलाय की इथे तुम्ही सुरक्षित राहाल. मग धोका माहीत असलेल्या पेशंटच्या राउंडला तुम्ही एकट्या का होतात? मामांना त्या वेळी कुठे आणि कुणी पाठवलं? स्टूल सुटं का होतं? आदल्या दिवसांत तो जास्त बेचैन दिसत होता का, दिसत असेल तर डॉक्टरांना कळवलं गेलं का, आणि कळवल्यावर काय झालं? औषधांमुळेही काही जणांना एका जागी बसवत नाही, अंगात आग लागल्यासारखं होतं. ते कुणी तपासलं? सक्तीने दाखल करणं हा रुग्णाच्या अपराधावरचा निकाल असू शकत नाही, पण संस्थेच्या जबाबदारीची पावती ती नक्कीच आहे. ‘पेशंटच आहे तो’ म्हटलं की या सगळ्या प्रश्नांवर एकदम पांघरूण पडतं, आणि पांघरुणाखाली पेशंटबरोबर तुम्हीही जाता.

याचा उलटा उपायही होऊ देऊ नका. अशा घटनेनंतर बहुतेक ठिकाणी एकच सुधारणा सुचते: बांधून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ सांगतं की, तत्काळ होणारी इजा टाळायचा दुसरा कुठलाही मार्ग नसेल तेव्हाच आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच माणसाला बांधता येतं. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि माणसं कमी आहेत हे कारण तर नावानिशी बाद केलंय. मागणी करायची ती माणसांची करा: धोक्याची नोंद असलेल्या पेशंटजवळ दोघांनी जायचं, धोका दाखवणारी खूण केसपेपरच्या पहिल्या पानावर, जमिनीला बसवलेलं सामान, हाताशी गजर, आणि बोलून शांत करण्याचं प्रशिक्षण मामा-मावशींनाही. दाराकडे पाठ न करता, हाताच्या अंतराबाहेर उभं राहून, हळू आवाजात एका वेळी एकच वाक्य बोलायचं, हे अकरा वर्षांत तुम्ही आपोआप शिकला असाल. नव्या मुलीला ते कुणीतरी शिकवावं लागतं. हे सगळं एकटीच्या सहीने देऊ नका. सहकाऱ्यांच्या सह्या घ्या, मैत्रिणीची आधी.

एक सावधगिरी. रुग्णाची माहिती गोपनीय असते आणि तिचं रक्षण हे तुमच्यावर कायद्याने आलेलं बंधन आहे. दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून गरजेपुरती माहिती देता येते, त्यापलीकडे नाही. तेव्हा केसपेपरचा फोटो काढून ठाण्यात नेऊ नका. ते पोलीस रुग्णालयाकडून रीतसर मागवतील. तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं आणि सोसलेलं सांगा. निदान, घरचा इतिहास, कुटुंबातली भांडणं, हे तुमच्या तोंडून नको. मोबाइलवरच्या गटांत तर अजिबात नको.

तो भाऊही हे सदर वाचत असेल, किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी, म्हणून त्याच्याशीही दोन शब्द. सिस्टरच्या पाया पडून प्रश्न सुटणार नाही, तिच्यावरचं ओझं तेवढं वाढेल. तुम्ही त्याला दाखल केलंत ही चूक नव्हती. आता त्याचं नाव, निदान, चालू औषधं आणि डॉक्टरांचे कागद एका फाइलमध्ये ठेवा. प्रकरण पोलिसांकडे गेलं तर पहिल्याच दिवशी वकील द्या, परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा, आणि प्रत्येक तारखेला न्यायालयात कुणीतरी घरचं बसलेलं असू द्या. तारखेला घरचं माणूस दिसत राहिलं की फाइल सहसा अडगळीत पडत नाही. आणि मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उचलत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांतच ती जास्त असतात. हे शेजाऱ्यांनाही सांगा.

सिस्टर, हात थरथरतो ते प्लास्टरमुळे नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रोज दुसऱ्यांच्या घबराटीवर औषध देणाऱ्या माणसाला स्वतःची घबराट कमीपणाची वाटते. आपल्या रुग्णालयाबाहेरच्या एखाद्या समुपदेशकाकडे जा, म्हणजे कॉरिडॉरमध्ये कुजबुज होणार नाही. पहिले काही दिवस दुसऱ्या वॉर्डात ड्युटी मागा, आणि तो पेशंट अजून दाखल असेल तर त्याच्या उपचारात तुम्ही नसाव्यात हे लेखी ठरवून घ्या. त्याच्यासाठीही ते बरं.

बाकी ठरवायला वेळ आहे. एका गोष्टीला मात्र वेळ नाही. ती तुम्हालाच करावी लागेल, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. स्टूल उचलताना त्याने काही म्हटलं का? आधी दोन-तीन दिवस काय बोलत होता, गोळ्या तपासून बघत होता का, कुणाला घाबरत होता का? मारल्यानंतर पळाला, लपला, रडला, की तसाच उभा राहिला? त्याने त्या क्षणी काय समजून मारलं, याचा सगळ्यात जवळचा पुरावा तुमच्या डोक्यात आहे आणि तो दिवसागणिक पुसट होतोय. त्या आठवणीने तो दोषी ठरेल किंवा सुटेल, ते आज कुणालाच माहीत नाही. म्हणून आज रात्री वही घ्या आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा. शिवी असेल तर शिवी लिहा, तुटकं असेल तर तुटकं लिहा, अर्थ लागत नसेल तर तसंच ठेवा. खाली तारीख, वेळ आणि सही.